पुढचे पुस्तक कोणाला विचारावे, आणि कसे विचारावे

ग्रंथालयाच्या देवघेव विभागात, पुस्तक प्रदर्शनात किंवा लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस वाचणारा आहे असे कळले, की आपण सगळे एकच प्रश्न विचारतो : ‘एखादे चांगले पुस्तक सुचवा ना.’ हा प्रश्न विचारायला काही लागत नाही, म्हणून त्याचे उत्तरही तसेच फुकाचे मिळते. आपली आवड काय, आपण आतापर्यंत काय वाचले, अर्ध्यावर काय सोडले, यांतले समोरच्याला काहीच ठाऊक नसते. तेव्हा ज्याबद्दल कोणी नाक मुरडणार नाही असे एखादे नाव तो पटकन घेतो. ते पुस्तक बहुधा पुरस्कार मिळालेले असते किंवा त्याने स्वतः महाविद्यालयात असताना वाचलेले असते, आणि बहुतेक वेळा ते नाव आपल्यालाही आधीच माहीत असते. दोघांचा मान राखला जातो, पुस्तक मात्र हाती लागत नाही.

म्हणून विचारण्याआधी थोडी तयारी करावी. आपल्या वाचनातली तीन पुस्तके मनाशी ठरवून ठेवावीत : एक दुसऱ्यांदा वाचलेले, एक आवडूनही कुठेतरी कमी पडलेले, आणि एक अर्ध्यावर मिटलेले. यांतले तिसरे सर्वांत बोलके असते. आवडलेल्या पुस्तकांच्या बाबतीत आपण थोडे सभ्यपणे खोटे बोलतो, कारण काय आवडले पाहिजे हे आपल्याला शिकवलेले असते. सोडून दिलेल्या पुस्तकाबद्दल मात्र माणूस खरे सांगतो. ‘मला चरित्रे आवडतात’ एवढे सांगितल्याने कोणाला काही बोध होत नाही. ‘चरित्र कितीही मोठ्या माणसाचे असो, त्यातल्या घरखर्चाची, भांडणांची आणि आजारपणांची पाने मी दोनदा वाचतो आणि सत्कारसमारंभांची पाने न वाचताच उलटतो’ असे सांगितले, तर चांगल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर लगेच दोन-तीन नावे उभी राहतात, आणि ती कदाचित चरित्रे नसतातही. एखादा पत्रसंग्रह असेल, एखादी रोजनिशी असेल, एखाद्या गृहिणीने उतारवयात लिहिलेल्या आठवणी असतील.

सुचवणाऱ्यालाही नेमके विचारावे. ‘आवडले का?’ याचे उत्तर ‘हो’ असेच येणार, त्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा ते पुस्तक किती दिवसांत वाचून झाले, कुठे अडखळायला झाले, कोणत्या प्रकरणापासून ते हातातून ठेववेना, वाचून झाल्यावर प्रथम कोणाला सांगावेसे वाटले, असे विचारावे. आणि या सगळ्यांहून उपयोगाचा एक प्रश्न आहे, जो सहसा कोणी विचारत नाही : ‘हे पुस्तक तुम्ही कोणाला देणार नाही?’ या प्रश्नावर माणूस क्षणभर थांबतो आणि मग पुस्तकाचे खरे वर्णन करू लागतो. ‘ज्याला गोष्ट पुढे सरकायला हवी असते त्याला देऊ नये’, ‘घरात नुकतेच कोणी गेले असेल तर आत्ता नको’, ‘ज्याला बोलीभाषेचा कंटाळा आहे त्याने हात लावू नये’ अशी उत्तरे येतात, आणि मलपृष्ठावरच्या मजकुरात जे कधीच सापडत नाही ते एका वाक्यात कळते.

शिफारस जितकी पुस्तकाविषयी असते तितकीच ती करणाऱ्याविषयीही असते, हे मला फार उशिरा उमगले. आमच्या कार्यालयात एक ज्येष्ठ सहकारी बाई होत्या; त्यांचे वाचन माझ्या चौपट. त्यांनी एकदा मोठ्या आग्रहाने एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी दिली. मी ती तीनदा सुरू केली आणि तिन्ही वेळा ऐंशीव्या पानाच्या आत मिटली. पुढे वर्षभर मी त्यांना काही विचारले नाही. आपलेच वाचन तोकडे, असे वाटून संकोचही होता. मग एकदा डबा खाताना त्या दुसऱ्याच एका कथासंग्रहाबद्दल नाराजीने म्हणाल्या, ‘अहो, नुसती माणसे बोलत बसतात, भाषेला काही उंचीच नाही.’ मी त्याच संध्याकाळी तो संग्रह शोधला आणि दोन रात्रींत संपवला. तेव्हा ध्यानात आले की बाई भाषेसाठी वाचतात आणि मी माणसांसाठी. एखादे वाक्य त्या तोंडपाठ म्हणून दाखवत, पण पुस्तकातल्या माणसांचे पुढे काय झाले हे त्यांनी मला कधीच सांगितले नव्हते. त्या दिवसापासून त्यांना काय आवडले नाही, हे मी आवर्जून विचारू लागलो, आणि इतकी भरवशाची वाटाड्या मला पुन्हा मिळालेली नाही.

यावरून एक व्यवहार ठरवता येतो. ज्याची आवड आपल्याशी तंतोतंत जुळते असा वाचक शोधत बसू नये. तसा कोणी सापडलाच, तर त्याने वाचलेले बरेचसे आपणही वाचलेले असते. ज्याची आवड आपल्याहून वेगळी आहे, पण ती कशी वेगळी आहे हे आपल्याला सांगता येते, असा वाचक जपावा. ज्याला सगळेच आवडते तो माणूस म्हणून गोड असला तरी या कामाचा नाही. ज्याला काहीच आवडत नाही त्याच्याकडून, दोन तास खर्च करण्याची तयारी असेल तर, पुष्कळ शिकता येते.

हे सगळे लक्षात राहत नाही, म्हणून एक वही करावी. दोनशे पानी साधी वही पुरते. त्यात पुस्तकाचे नाव, कोणी सुचवले आणि केव्हा, हे तर लिहावेच. पण सुचवणाऱ्याचे वाक्यही जसेच्या तसे टिपून ठेवावे, कारण सहा महिन्यांनी ते पुस्तक हाती येते तेव्हा ‘हे आपण का शोधत होतो?’ असा प्रश्न पडतो आणि त्या एका वाक्याने सगळे आठवते. समोर मोकळी जागा सोडावी आणि वाचून झाल्यावर तिथे दोन ओळी लिहाव्यात. सोडून दिले तर कितव्या पानावर आणि का, तेही. वर्षभराने वही चाळली की कोणाच्या नावापुढे आनंद जास्त आणि कोणाच्या नावापुढे नुसती अर्धवट पाने आहेत, हे आपोआप दिसते. माझ्या वहीत ज्यांचे सल्ले सर्वांत जास्त फसले ते गृहस्थ माझे अतिशय जवळचे मित्र आहेत, आणि ही वही मी त्यांना दाखवत नाही.

आता ग्रंथालयाकडे वळू. महाराष्ट्रात १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालये अ, ब, क आणि ड वर्गांत गावोगाव आहेत, आणि त्याहून कितीतरी आधीची नगर वाचनालये अजून चालू आहेत. पुणे नगर वाचन मंदिर १८४८चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चे. अशा ठिकाणी काही न बोलताही शिफारसी मिळतात, फक्त कुठे पाहायचे ते माहीत हवे. पहिली जागा म्हणजे नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांचा ढीग. ती पुस्तके अजून कपाटात गेलेली नसतात. कोणीतरी काल-परवापर्यंत ती घरी वाचत होते. नव्या पुस्तकांच्या मांडणीपेक्षा मला हा ढीग नेहमीच अधिक प्रामाणिक वाटत आला आहे. नव्याची निवड पुस्तक खरेदी समितीने केलेली असते, ढिगाची निवड सभासदांनी.

दुसरी जागा म्हणजे पुस्तकाच्या शेवटच्या पानाला चिकटवलेली, परतीच्या तारखांचे शिक्के मारलेली चिठ्ठी. संगणकीकरण झालेल्या ग्रंथालयांत ती आता नसते, पण जुन्या प्रतींत शिल्लक असते आणि ती वाचण्याची एक रीत आहे. शिक्क्यांची गर्दी म्हणजे लोकप्रियता, एवढाच तिचा अर्थ. दूरदर्शनवर एखाद्या कादंबरीची मालिका लागली तर त्या वर्षी सहा महिने शिक्केच शिक्के दिसतात. मी उलट बाजूने पाहतो. वीस वर्षांत पाच-सहाच शिक्के असावेत, आणि त्यांतले दोन पंधरा दिवसांच्या अंतराने पाठोपाठ पडलेले असावेत : कोणीतरी मुदत वाढवून घेतलेली असण्याचा संभव मोठा. ज्याने ते नेले त्याला पंधरा दिवस पुरले नाहीत, तरी त्याने ते तसेच परत केले नाही. असे पुस्तक घरी न्यायला हरकत नाही. समासातल्या पेन्सिलीच्या खुणाही पाहाव्यात. ग्रंथालयाच्या पुस्तकावर रेघा मारणे हा गुन्हाच आहे, पण तो घडून गेलेलाच असेल तर त्याचा पुरावा वाचायला काय हरकत आहे? खुणा पहिल्या तीस पानांत संपत असतील तर एक अर्थ, आणि दोनशेव्या पानावर अचानक सुरू होत असतील तर निराळाच. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना मात्र यांतले काही लागू करू नये.

तिसरी शिफारस खिडकीमागच्या माणसाकडे असते. ग्रंथालयातला जुना कर्मचारी सगळे वाचतोच असे नाही, पण कोणती बाई काय नेते, कोणते आजोबा काय चार दिवसांत परत आणतात, हे त्याने वर्षानुवर्षे पाहिलेले असते. त्याला घाईच्या वेळी, म्हणजे संध्याकाळी सहा ते साडेसात, छेडू नये. दुपारी निवांत असताना गेलो आणि ‘काका, मी नेतो तशीच पुस्तके नेणारे आणखी कोणी इथे येते का?’ असे विचारले, तर नाव न सांगताही ते त्या वाचकाने काय नेले होते तेवढे सांगतात. आमच्या ग्रंथालयातल्या काकांनी मला अशा एका सभासदाची पुस्तके चार वर्षे मागोमाग पुरवली. तो सभासद कोण हे मला शेवटपर्यंत कळले नाही, आणि त्याच्या मागे मीच होतो हे बहुधा त्यालाही कळले नसावे.

छापील शिफारसींत परीक्षणे पुष्कळ, पण परीक्षण हा समीक्षकाचा उद्योग आहे. येथे आपण वाचकांविषयी बोलतो आहोत. त्या दृष्टीने १९६४ साली सुरू झालेल्या ‘ललित’ मासिकाचे ‘चोखंदळ वाचकांची निवड’ हे सदर पाहण्यासारखे आहे, कारण तिथे वाचकांच्या पसंतीला जागा दिलेली असते. ग्रंथालयात जुने अंक बांधून ठेवलेले असतील तर पाच-दहा वर्षांपूर्वीची निवड काढून वाचावी. यंदाच्या निवडीत चर्चेचा गलबला मिसळलेला असतो. दहा वर्षांपूर्वीच्या निवडीतली कोणती नावे आजही आपल्या ओळखीचे वाचक घेतात आणि कोणती कोणाला आठवतही नाहीत, हे ताडून पाहता येते. दिवाळी अंकांचा उपयोगही असाच करावा. १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही चाल आहे, आणि एका लेखकाची एकच कथा वाचून त्याचे पुस्तक घ्यावे की नाही हे ठरवण्याची इतकी स्वस्त सोय दुसरी नाही. अनेक ग्रंथालये दिवाळीनंतर अंकांसाठी वेगळी वर्गणी घेतात. त्या हंगामात अंक बदलायला आलेल्या माणसाला ‘या अंकात काय वाचू?’ असे बेधडक विचारता येते, आणि तो पानासकट सांगतो.

भ्रमणध्वनीवरच्या गटांत फिरणाऱ्या ‘प्रत्येकाने वाचलीच पाहिजेत अशी शंभर पुस्तके’ या याद्यांचे काय करावे, असे कोणी विचारील. यादी पाठवणाऱ्याला एवढेच विचारावे की यांतले तुम्ही शेवटचे कोणते वाचले. बहुधा पुढचा निरोप सुप्रभाताचा येतो.

एकट्याने विचारत फिरण्यापेक्षा चार माणसे जमवता आली तर काम फार सोपे होते, आणि त्यासाठी पुस्तक भिशीसारखी दुसरी युक्ती मला ठाऊक नाही. भिशी आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. फरक इतकाच की येथे पैशांऐवजी पुस्तके घरी जातात. दहा जण घ्यावेत. बाराहून जास्त नकोत, कारण मग कोणाच्या वाट्याला बोलणे येत नाही. सहाहून कमीही नकोत, कारण दोघे गैरहजर राहिले की बैठक मोडते. प्रत्येकाने महिन्याला दोनशे रुपये काढावेत आणि चिठ्ठी निघेल त्याने जमलेल्या दोन हजारांची पुस्तके घ्यावीत. एकदा चिठ्ठी निघालेल्याचे नाव त्या फेरीत पुन्हा टाकायचे नाही, हे भिशीतले नेहमीचेच. ही पुस्तके घेणाऱ्याच्या मालकीची, पण त्याने वाचून झाल्यावर ती वर्षभर गटात फिरवावीत, एवढी अट घालावी.

भिशीचा खरा लाभ मात्र खरेदीत नसून पुढच्या बैठकीत असतो. चिठ्ठी निघालेल्याने कोणती पुस्तके घेतली आणि का, हे दहा मिनिटांत सांगावे, आणि या दहा मिनिटांना दोन बंधने असावीत. कथानक सांगायचे नाही, हे पहिले. दुसरे असे की या खोलीत बसलेल्यांपैकी हे पुस्तक कोणाला आवडणार नाही, हे त्याने नाव घेऊन सांगायचे. पहिल्या एक-दोन महिन्यांत लोक लाजतात, मग हाच भाग सर्वांना आवडू लागतो. ‘वहिनींना हे चालणार नाही, त्यांना शेवट लागतो’ असे कोणी म्हणावे, वहिनींनी ते ऐकून मुद्दाम तेच पुस्तक न्यावे, आणि पुढच्या महिन्यात ते खरे ठरले की खोटे यावर वाद व्हावा, यातून एकमेकांची नाडी जशी कळते तशी दुसऱ्या कशाने कळत नाही. खाण्याचा बेत साधा ठेवावा. ज्या गटात पोहे आणि चहा यांवरून पाच पदार्थांपर्यंत मजल गेली, तिथे वाचनाचे बोलणे हळूहळू मागे पडले, हे मी पाहिले आहे.

पैसे काढणे शक्य नसेल तर पेटीचा मार्ग आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने २००९पासून वाचकांच्या गटांकडे पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या आणि त्या दुबईतल्या मराठी वाचकांपर्यंतही पोहोचल्या. ही कल्पना आपल्याकडे बरीच जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१०मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला बोलावून ग्रंथालयांची जी व्यवस्था उभारली, तिच्यातून खेडोपाडी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात असत. एखाद्या गृहसंकुलात दहा-बारा घरांनी मिळून वीस पुस्तकांची अशी पेटी केली आणि प्रत्येक पुस्तकात एक कोरा कागद ठेवला, की वाचणाऱ्याने त्यावर दोन ओळी लिहायच्या, तर वर्षअखेरीस तो कागद पुस्तकाइतकाच वाचनीय होतो. नाव लिहायचे की नाही, हे ज्याच्या त्याच्यावर सोडावे. साताऱ्यातल्या भिलारला, जे ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते, गावकऱ्यांच्या घरांतच पुस्तके मांडलेली आहेत; तिथे गेल्यास यजमानांना ‘तुम्ही काय वाचले?’ असे न विचारता ‘इथे बसून लोक कोणते पुस्तक वाचताना जेवायला उठत नाहीत?’ असे विचारावे.

दोन भाषांत वाचणाऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. बेळगाव-निपाणीकडचा कन्नडही वाचणारा मराठी माणूस, कोकणी आणि मराठी दोन्ही वाचणारा गोव्यातला वाचक, बडोद्यात राहून गुजराती वाचणारी आत्या, हे सगळे आपल्या यादीत नसलेल्या कपाटाच्या किल्ल्या बाळगून असतात. अनुवादकालाही मी याच रांगेत धरतो. वर्ष-सहा महिने एकाच पुस्तकासोबत काढण्याची ज्याची तयारी झाली, त्याने ते पुस्तक आपल्यापैकी कोणाहीपेक्षा बारकाईने वाचलेले असते. तेव्हा एखादा अनुवाद आवडला तर मूळ लेखकाचे दुसरे पुस्तक शोधण्याबरोबरच त्याच अनुवादकाने आणखी काय आणले, तेही पाहावे.

पुस्तक सुचवणाऱ्याला नंतर हिशेब देणे, हे आपल्याकडे सर्वांत जास्त टाळले जाते. न आवडलेल्या पुस्तकाबद्दल ‘छान आहे’ असे म्हणून आपण भीड राखतो, आणि मग तो माणूस आयुष्यभर तशीच पुस्तके देत राहतो. त्यात त्याचा काय दोष? निकाल न देता आपण कुठे थांबलो ते सांगावे : ‘मधली प्रवासाची शंभर पाने मला ओलांडता आली नाहीत, त्यापुढे काही वेगळे घडते का?’ असे विचारले, तर कोणी दुखावत नाही. उलट पुष्कळदा ‘ती मीही गाळलीच होती’ असे उत्तर येते. आणि आवडले असेल, तर ते कळवायला पुढच्या भेटीपर्यंत थांबू नये.

सुचवलेले पुस्तक बाजारात न मिळणे, ही शेवटची अडचण. मराठीत आवृत्ती साधारण हजार प्रतींची निघते, ती संपली की वर्षानुवर्षे पुनर्मुद्रण होत नाही. अशा वेळी आधी जुन्या ग्रंथालयांत, मग रद्दीच्या आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शोधावे, आणि प्रकाशकाला पत्र लिहून नवी आवृत्ती निघणार आहे का, असे विचारावे. अशी पत्रे साठली तरच त्याला मागणी कळते. कुठेच नाही मिळाले, तर ज्याने सुचवले त्याचीच प्रत मागावी लागते, आणि तिथे जरा जपून वागावे. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून मला वाचवा, मूर्खाच्या हाती देऊ नका, अशी विनवणी जुन्या पोथ्यांच्या शेवटी पोथीच्याच तोंडी घातलेली असे. तिच्यात बदल करावा असे आजही काही नाही. वर्तमानपत्राचे कव्हर घालावे, पान दुमडू नये, परतीची तारीख आपणच सांगावी आणि ती पाळावी. परत करण्याआधी आत आपला एखादा कागद राहिला नाही ना, तेही पाहावे. माझ्याकडून एकदा विजेचे बिल तसेच गेले होते. आठ दिवसांनी ते परत आले, तेव्हा त्याच्या पाठीवर पेन्सिलीने दोन पुस्तकांची नावे लिहिलेली होती.